तापलेल्या पाण्याला वाट हवी

थंडीचे दिवस आले की उत्तर हिंदुस्थानातील घरांत गीझरला विश्रांती अशी मिळत नाही. लखनौचेच उदाहरण घ्या. जानेवारीच्या पहाटे तेथील उष्णतामान सात-आठ अंशांच्या आसपास उतरते, गच्चीवरील टाकीतले पाणी हाताला झोंबू लागते, आणि सकाळच्या पहिल्या स्नानापासून रात्रीच्या भांडी घासण्यापर्यंत घरातील प्रत्येकाला ऊन पाणी हवे असते. नेमक्या याच दिवसांत अनेक घरांत एक गोष्ट दृष्टीस पडते. गीझरच्या बुडाशी बसविलेल्या लहानशा पितळी झडपेतून पाणी ठिबकू लागते. उन्हाळाभर कोरडी असलेली झडप थंडीतच का गळावी, हे कोणास उमगत नाही. गृहिणीला खालची ओल खुपते, गृहस्थांना पाणी वाया जाते याची हळहळ वाटते. आणि अखेरीस कोणीतरी त्या झडपेच्या तोंडाला बूच मारून ती ‘गळती’ बंद करून टाकतो.

वाचकहो, ते बूच मारण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढ्याचसाठी आजचा हा लेख आहे. ते ठिबकणारे पाणी बहुधा गळतीचे नसतेच. तापलेले पाणी आपल्यासाठी जागा मागत असते, आणि घरातील नळांच्या रचनेत दुसरी जागा न मिळाल्यामुळे ते त्या झडपेच्या वाटेने बाहेर येते. ती वाट बुजविली म्हणजे पाण्याची मागणी संपत नाही. ती केवळ गीझरच्या पोटात कोंडली जाते.

लखनौशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी १९२६ साली तेथे संगीताचे महाविद्यालय स्थापन झाले, हे आपणांस ठाऊक असेलच. रेल्वे, लष्कर व सरकारी कार्यालये यांतील बदल्यांमुळे आजही मराठी कुटुंबे त्या शहरात जाऊन राहतात. पुण्यामुंबईच्या हवेत वाढलेल्या कुटुंबाला तेथील थंडी जशी नवी, तसेच त्या थंडीत गीझरचे वागणेही नवे वाटते. म्हणून या विषयाचा विचार लखनौ डोळ्यांपुढे ठेवून करू. तथापि यातील नियम नागपूर, नाशिक किंवा भोपाळ येथील घरांनाही तितकेच लागू आहेत.

पाणी किती फुगते?

चार अंशांवर पाणी सर्वांत दाट असते. त्यापुढे ते जसजसे तापत जाते, तसतसे त्याचे आकारमान वाढत जाते. ही वाढ डोळ्यांस दिसण्याइतकी मोठी नसते, म्हणूनच तिचा विसर पडतो. परंतु हिशेब करून पाहा. दहा अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापविले असता ते सुमारे १.७ टक्क्यांनी फुगते. म्हणजे २५ लिटरच्या गीझरमध्ये जवळजवळ ४२० मिलिलिटर, अर्थात दोन पेले भरतील इतके पाणी जास्तीचे होते. मुंबईत टाकीतील पाणी २५ अंशांचे असेल, तर तेच पाणी ६० अंशांपर्यंत तापविताना वाढ सुमारे ३५० मिलिलिटर होते. थंड पाण्याला अधिक तापवावे लागते, म्हणून लखनौच्या थंडीत ठिबकणेही अधिक. उन्हाळ्यात तर गीझर बंदच असतो. मग झडप कोरडी राहावी यात नवल ते काय?

आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न कधी उद्भवला नाही. माजघरामागच्या न्हाणीत तांब्याचा बंब असे. मधल्या नळकांड्यात बंबफोड पेटवावे, वरच्या तोंडातून गार पाणी ओतावे, आणि तोटीतून कढत पाणी बादलीत घ्यावे, अशी ती सोपी व्यवस्था होती. बंबाचे तोंड हवेला उघडे असल्यामुळे पाणी फुगले तर आतल्या आत थोडे वर चढे, फार तापले तर वाफ होऊन निघून जाई. बंबाला दाब म्हणून ठाऊक नव्हता. गीझरचे तसे नाही. तो काठोकाठ भरलेला व सर्व बाजूंनी बंद असतो. त्यातील पाण्याला हलावयास जागा असते ती केवळ नळ्यांतून.

उघडे घर आणि बंद घर

लखनौस गोमतीचे पाणी गऊघाटावरून उपसून ऐशबागच्या जलकेंद्रात शुद्ध केले जाते. शहराच्या पूर्वेकडील गोमतीनगर भागात शारदा कालव्याचे पाणी कठौता तलावात आणून तेथून पुरविले जाते. यांखेरीज अनेक वस्त्या कूपनलिकांवर अवलंबून आहेत. पाणी कोठूनही येवो, बहुतेक घरांत ते आधी तळच्या हौदात किंवा थेट गच्चीवरील टाकीत साठविले जाते, आणि तेथून स्वतःच्या वजनाने खाली नळांत उतरते. लखनौत ज्याला सर्रास ‘टुल्लू’ म्हणतात तो लहान पंप पाणी वर चढविण्याचे काम करतो.

अशा घरात गीझर व टाकी यांच्यामधील नळी सरळ मोकळी असेल, तर फुगलेल्या पाण्याची काळजी करण्याचे कारण नाही. ते ज्या नळीने आले त्याच नळीने थोडे मागे सरकते. अर्ध्या इंची नळीच्या एका मीटरमध्ये सुमारे १८० मिलिलिटर पाणी मावते. तेव्हा ४२० मिलिलिटर पाणी मागे सरकले, तरी ते नळीत अडीच मीटरांहून कमीच अंतर चढते. टाकीचे तोंड हवेला उघडे असल्याने दाब वाढत नाही. या रचनेला आपण ‘उघडे घर’ म्हणू.

परंतु अलीकडच्या काळात पुष्कळ घरे नकळत ‘बंद’ झाली आहेत. ती तीन प्रकारे बंद होतात. पहिला प्रकार म्हणजे गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी बसविलेली एकमार्गी झडप. कारागीर तिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात. ती पाणी आत जाऊ देते, मागे येऊ देत नाही. दुसरा प्रकार म्हणजे शॉवरला जोर यावा म्हणून गच्चीवर बसविलेला दाबवर्धक पंप. त्याच्यासोबतही एकमार्गी झडप असते. तिसरा प्रकार उंच इमारतींतला. बाराव्या मजल्यावरील टाकीचे पाणी पहिल्या मजल्यावर फार जोराने येऊ नये म्हणून वाटेत दाब कमी करणारी झडप बसवितात, आणि तीही पुष्कळदा पाण्याला मागे जाऊ देत नाही. यांत आणखी एक प्रकार मिळवावा लागेल, तो आपल्या विसराळूपणाचा: गीझरच्या थंड पाण्याचा कॉक बंद आणि विजेचे बटण मात्र चालू.

मग एकमार्गी झडप काढूनच टाकावी काय? मुळीच नाही. टाकी रिकामी झाली असता गीझरमधील पाणी मागे ओढले जाऊन आतील तापविणारी कांब कोरडी पडू नये, ही राखण तीच करते. एकाच नळीवर दोन मजल्यांचे नळ असतील, तर वरच्या गीझरचे ऊन पाणी खालच्या थंड नळात उतरू न देण्याचे कामही तिचेच. झडप हवीच आहे. फक्त तिने जी वाट बंद केली तिच्या मोबदल्यात पाण्याला दुसरी वाट दिली पाहिजे.

आपले घर उघडे की बंद, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. रात्री सर्व नळ बंद ठेवून गीझर पूर्ण तापू द्यावा. तो आपोआप बंद झाल्यावर, हात बाजूला ठेवून, ऊन पाण्याचा नळ उघडावा. पाणी पहिल्या क्षणी जोराने उसळले व लगेच नेहमीच्या धारेवर आले, तर दाब आत साठला होता, म्हणजे घर बंद आहे, असे समजावे. गीझर तापत असतानाच फ्लशच्या टाकीची झडप गळू लागणे, नळांचे वायसर वारंवार खराब होणे, किंवा पितळी झडप ठिबकणे, ह्याही त्याच खुणा होत.

कोंडलेल्या पाण्याचे बळ

हवा दाबली तर दबते. पाणी जवळजवळ दबत नाही. सगळी अडचण येथेच आहे. अगदी ताठ, न ताणणाऱ्या भांड्यात पाणी काठोकाठ कोंडले आणि ते २० अंशांवरून केवळ २१ अंशांवर नेले, तर दर चौरस सेंटिमीटरला दाब सुमारे साडेचार किलोंनी वाढेल. प्रत्यक्षात गीझरची टाकी किंचित ताणते, नळ्या ताणतात, कोठे हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, म्हणून वाढ इतक्या झपाट्याने होत नाही. तरीही पन्नास अंशांच्या तापण्यात ती कोठवर जाऊ शकेल, याची कल्पना यावरून येईल.

तुलनेसाठी पाहा. पाण्याची उंची दर १० मीटरला सुमारे १ किलो दाब देते. दुमजली घराच्या तळमजल्यावर टाकीचा दाब एक किलोही नसतो. बारा मजल्यांच्या इमारतीत तळाशी तो साडेतीन किलोंच्या पुढे जातो. उंच इमारतींसाठी विकल्या जाणाऱ्या गीझरवर बहुधा ८ बार, म्हणजे सुमारे ८ किलो, इतका दाब लिहिलेला आढळतो. या दाबाला ३० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या बुडावर साडेपाच टनांहून अधिक जोर पडतो. दररोज एक-दोनदा असा ताण यावा आणि जावा, असे महिनोन्महिने चालले, म्हणजे टाकीचे सांधे थकतात, आतील लेप तडकतो, गंज शिरतो, आणि दहा वर्षे टिकावयाचा गीझर चार-पाच वर्षांत गळू लागतो.

याहून गंभीर प्रसंग म्हणजे थर्मोस्टॅट बिघडण्याचा. ठरलेल्या उष्णतामानाला वीज तोडणे हे त्याचे काम. तो अडकून बसला, जादा तापल्यास वीज तोडणारी दुसरी कळही निकामी झाली आणि पितळी झडपेला बूच असेल, तर पाणी शंभर अंशांच्याही पुढे तापत जाते. दाबाखालील पाणी शंभर अंशांना उकळत नाही. हवेच्या दाबावर आणखी तीन किलो दाब असेल, तर ते सुमारे १४४ अंशांपर्यंत पाणीच राहते. अशा वेळी टाकीला तडा गेला, की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्याचा काही भाग क्षणार्धात वाफ बनतो. एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरांहून अधिक वाफ होते. भिंत फोडण्याचे बळ तिच्यात असते.

हा धोका मानवाला नवा नाही. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफेवर अन्न शिजविण्याचे बंद भांडे मांडले, आणि ते फुटू नये म्हणून त्यास वजनाने दाबून धरलेली सुरक्षा-झडप जोडली. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर हा त्याच भांड्याचा वंशज होय. कुकरची शिटी वाजते म्हणून कोणतीही शहाणी गृहिणी तिच्यावर फडके बांधून ठेवीत नाही. शिटी वाजणे हे कुकर सुरक्षित असल्याचे लक्षण, हे तिला ठाऊक असते. गीझरची पितळी झडप ही स्नानगृहातील कुकरची शिटीच समजावी.

ठिबकणे कसे वाचावे?

२५ लिटरचा गीझर २००० वॉटचा असेल, तर दहा अंशांचे पाणी ६० अंशांवर न्यावयास सुमारे पाऊण तास लागतो. त्या अवधीत फुगणाऱ्या ४२० मिलिलिटर पाण्याची विभागणी केली, तर मिनिटाला सरासरी दहा मिलिलिटरांच्या आसपास पाणी बाहेर पडावयास हवे. पाणी जसे अधिक तापते तसे ते अधिक वेगाने फुगते, म्हणून हे ठिबकणे आरंभी मंद व शेवटी जलद असते. गीझर पूर्ण तापून वीज तुटली, की ते आपोआप थांबावे. असे होत असेल, तर झडप आपले काम चोख करीत आहे. तिला हात लावू नये.

झडप दिवसरात्र, गीझर थंड असतानाही ठिबकत असेल, तर कारण निराळे आहे. एक तर नळाचा मूळ दाबच जास्त असेल, किंवा झडपेच्या बैठकीत क्षार वा रेती अडकली असेल. गंगेच्या मैदानातील कूपनलिकांच्या पाण्यात क्षार पुष्कळ असतात. पाणी तापले की ते चुनखडीच्या रूपाने भांड्याला व झडपेला धरतात. लखनौतील ज्या घरांत कूपनलिकेचे पाणी येते, त्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. अशी झडप साफ करवावी किंवा बदलावी.

आणि झडपेतून वाफ येत असेल, किंवा कढत पाण्याची धार लागली असेल, तर तो धोक्याचा इशारा आहे. अशा वेळी गीझरजवळ न जाता घराच्या मुख्य ठिकाणाहून वीज बंद करावी, मुलांना स्नानगृहापासून दूर ठेवावे, गीझर पूर्ण निवेपर्यंत त्याच्या कॉकला हात लावू नये, आणि मग जाणत्या कारागिरास बोलवावे.

येथे एक शंका येईल. रोज एवढे पाणी वाया घालवावयाचे काय? हिशेब असा की दिवसातून एकदा गीझर तापविला, तर महिन्याकाठी सुमारे साडेबारा लिटर, म्हणजे एक बादलीभर पाणी ठिबकेल. घराच्या सुरक्षिततेसाठी महिन्याला एक बादली हे मोल जड नाही. शिवाय खाली भांडे ठेवले, तर ते पाणी फरशी पुसावयास उपयोगी पडते. ज्यांना तेही नको असेल, त्यांच्यासाठी दुसरा उपाय आहे.

पाण्यासाठी हवेची उशी

पाणी दबत नाही, पण हवा दबते. रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली प्रसिद्ध केलेला नियम आपण शाळेत शिकलो आहोत: उष्णतामान कायम असता हवेवरील दाब दुप्पट केला, की तिचे आकारमान निम्मे होते. या गुणाचा उपयोग करून घेणाऱ्या लहान टाकीला प्रसरण-पात्र म्हणावे. बाजारात ती एक्स्पान्शन टँक या नावाने मिळते. पोलादी गोलाकार पात्रात मधोमध रबराचा पडदा असतो. एका बाजूस नळाचे पाणी, दुसऱ्या बाजूस कोंडलेली हवा. गीझरमधील पाणी फुगले की ते या पात्रात शिरते, हवा आकसते; नळ उघडला की हवा पुन्हा पसरून ते पाणी परत ढकलते. थेंबही बाहेर सांडत नाही.

पात्र किती मोठे असावे? समजा, थंड पाण्याचा दाब २ किलो आहे आणि तापल्यानंतर तो ६ किलोंपलीकडे जाऊ द्यावयाचा नाही. बॉइलच्या नियमात वातावरणाचा एक किलो दाबही धरावा लागतो. म्हणून हे आकडे ३ आणि ७ होतात. दाब ३ वरून ७ वर गेला, की हवा आपल्या मूळ आकारमानाच्या तीन-सप्तमांश होते, म्हणजे चार-सप्तमांश जागा पाण्याला मोकळी होते. ४२० मिलिलिटर पाण्यासाठी त्यामुळे सुमारे पाऊण लिटरचे पात्र पुरते. दोन लिटरचे घेतले तर भरपूर झाले. दुकानदाराने फार मोठे पात्र गळ्यात बांधू पाहिले, तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडावा.

हे पात्र बसविताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, ते एकमार्गी झडप आणि गीझर यांच्यामध्येच असले पाहिजे. झडपेच्या अलीकडे बसविले तर फुगलेले पाणी तेथवर पोहोचणारच नाही. दुसरी, पात्र आणि गीझर यांच्यात कोठेही बंद होणारा कॉक असू नये. तिसरी, आतील हवेचा दाब नळाच्या थंड दाबाइतका ठेवावा. तो पात्र बसविण्यापूर्वी, पाण्याची बाजू रिकामी असताना, मोटारीच्या चाकाची हवा मोजावयाच्या साध्या मापकाने मोजता येतो. दाबवर्धक पंपासोबत पुष्कळदा असेच एक मोठे पात्र येते. गीझरच्या तोंडाशी वेगळी एकमार्गी झडप नसेल, तर तेच पात्र दोन्ही कामे करू शकते. असेल, तर गीझरला त्याचा उपयोग नाही. आणि प्रसरण-पात्र बसविले म्हणून पितळी सुरक्षा-झडप काढावयाची नाही, हे ध्यानात असावे. पात्र रोजच्या फुगण्यासाठी, झडप संकटाच्या दिवसासाठी.

नळ्याही वाढतात

पाण्याबरोबर नळ्याही तापतात आणि लांब होतात. लखनौच्या मानकनगरात १९५७ पासून रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना आहे. लोखंडी रुळांच्या वाढण्या-आकसण्याचा विचार हा तेथील नित्याचा विषय. तेरा मीटर लांबीचा रूळ ४० अंशांच्या फरकाने सुमारे ६ मिलिमीटर वाढतो, आणि एवढ्यासाठीही सांध्यात फट ठेवावी लागते. आता आपल्या घरातील ऊन पाण्याच्या सीपीव्हीसी नळीकडे पाहा. दहा मीटर लांबीची ही नळी ५० अंशांनी तापली, तर सुमारे ३ सेंटिमीटर वाढते. तेवढीच लोखंडी नळी सहा मिलिमीटरच वाढते. म्हणून प्लॅस्टिकच्या नळीला सरळ लांब ओळीत दोन्ही टोकांना घट्ट आवळू नये. वाटेत एखादे वळण द्यावे, आणि पकडीच्या पट्ट्या नळीला सरकू देतील इतक्या सैल असाव्यात. भिंतीत चिणलेल्या नळीभोवतीही थोडी मोकळीक हवी. रात्री स्नानगृहाच्या भिंतीतून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर तो बहुधा अशा आवळलेल्या नळीचाच असतो.

गच्चीवर सौर उष्णजलयंत्र असेल, तर त्याच्या टाकीवर हवेची एक उभी नळी असते. शंभर लिटर पाणी दहा अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापले की जवळजवळ तीन लिटरांनी फुगते. त्यासाठी ती वाट ठेवलेली असते. नळीचे तोंड थंड पाण्याच्या टाकीतील पातळीपेक्षा उंच असावे आणि ते कधीही बंद करू नये. पक्षी घरटे करतात म्हणून झाकणे आवश्यक वाटल्यास जाळी लावावी, बूच लावू नये.

काही जुन्या व लहान गीझरांत ऊन पाण्याचे तोंड सदैव उघडे ठेवण्याची रचना असते. कॉक केवळ थंड पाण्याच्या बाजूस असतो. फुगलेले पाणी त्या उघड्या तोंडातून ठिबकते. सोय म्हणून त्या तोंडाला कोणी तोटी बसविली, की तो गीझर पेलू शकणार नाही असा दाब त्याच्यावर येतो. यंत्रासोबतची पुस्तिका जपून ठेवावी व असा फेरफार करण्यापूर्वी ती वाचावी. नवा गीझर घेताना भारतीय मानक २०८२ चे चिन्ह आणि पट्टीवर लिहिलेला दाब पाहून घ्यावा.

महिन्यातून पाच मिनिटे

घरातील कर्त्या माणसाने, मग ती गृहिणी असो वा गृहस्थ, महिन्यातून एकदा एवढे पाहावे. सुरक्षा-झडपेची नळी मोकळी आहे, खालच्या दिशेने उतरती आहे आणि तिचे टोक डोळ्यांना दिसेल पण कोणाच्या अंगावर पाणी पडणार नाही अशा जागी आहे, याची खात्री करावी. झडपेला उचलावयाचा खटका असेल, तर गीझर थंड असताना व वीज बंद करून तो एकदा उचलून सोडावा. पाणी मोकळे यावे आणि खटका सोडताच थांबावे. थंड पाण्याचा कॉक उघडा आहे ना, हे पाहावे. थर्मोस्टॅट गरजेपेक्षा उंच ठेवू नये: ६० ऐवजी ५० अंशांवर ठेवला, तर फुगणारे पाणी ४२० वरून सुमारे ३०० मिलिलिटरांवर येते आणि मुलांना भाजण्याचा धोकाही घटतो. मात्र साठविलेले पाणी दिवसेंदिवस कोमट ठेवणे बरे नव्हे, कारण २० ते ४५ अंशांच्या दरम्यान लिजिओनेला नावाचे रोगजंतू त्यात वाढू शकतात. पुष्कळ दिवस बंद असलेला गीझर पुन्हा सुरू करताना पाणी एकदा ६० अंशांपर्यंत तापवून मगच वापरात घ्यावे.

गावी जाताना गीझरचे विजेचे बटण बंद करावे. भाड्याच्या घरात राहावयास गेल्यास पहिल्याच दिवशी गीझरखाली वाकून झडप पाहावी. तिच्या तोंडाला आधीच्या बिऱ्हाडकरूने बूच मारलेले आढळले, तर ते काढविल्याशिवाय गीझर लावू नये. घरमालकास ओल नको असेल, तर नळी लांबवून मोरीपर्यंत नेता येते. त्यास फारसा खर्च नाही.

घरातील वडीलधाऱ्यांना आणि कामास येणाऱ्या बाईंनाही ही झडप दाखवावी आणि तिचे ठिबकणे म्हणजे बिघाड नव्हे, हे समजावून सांगावे. बूच मारणारा हात बहुधा निष्काळजी माणसाचा नसतो; घर नीटनेटके ठेवू पाहणाऱ्या, पाण्याच्या थेंबाची किंमत जाणणाऱ्या माणसाचाच तो असतो. म्हणूनच त्याला हे आधी सांगितले पाहिजे.